मदत हवी आहे: पी ०१७१ कोड जात नाही, शनिवारी आंबा घाट चढायचाय

मांडवीकर:
चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०१७१. पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, दोन दिवसांत दिवा परत. शनिवारी कोल्हापूरला निघायचंय. आता कोणता पार्ट बदलू? लवकर सांगा.

टॉर्करेंच:
पार्ट नको, आकडे दे. ०१७१ म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. सेन्सरने ते फक्त कळवलं. गाडी किती सालची? इंजिन गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता) आणि २५०० आरपीएमला लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, किती?

घाटवाट:
२० टक्के इथेनॉलवाल्या ई२० पेट्रोलमुळेच होतंय. टाकीत इंजेक्टर क्लीनर ओता, जाईल.

मांडवीकर:
२०१६, १ लिटर, तीन सिलिंडर. आयडलला +२४, २५०० ला +७. एअर फिल्टर नवा आहे.

टॉर्करेंच:
@घाटवाट, एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. त्याने ट्रिम फार तर ८-९ टक्के चढेल, तीही सगळ्या आरपीएमला सारखीच. इथे फक्त आयडलला चढलीय.

कुडाळचो मिस्त्री:
गाडीक सीएनजी किट आसा काय? ता आधी सांग.

मांडवीकर:
आहे, बाहेरून बसवलेलं. त्याचा काय संबंध?

कुडाळचो मिस्त्री:
संबंध आसा. गॅसवर शिकलेली ट्रिम पेट्रोलवर तशीच रवता. कोड पूस, ३०-४० किलोमीटर निसत्या पेट्रोलवर चालव, मगे आकडे बघ. गॅसच्या निपलांच्या रबरी पायपांका चीर पडली काय, ता पण बघ.

सड्यावरचा:
कशाला एवढं? आयडलला जास्त, रेस दिली की कमी, म्हणजे व्हॅक्यूम लीक, कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. इनटेकवर (हवा आत नेणाऱ्या पायपांवर) कार्ब क्लीनरचा स्प्रे मारा, आरपीएम हलला की जागा सापडली.

टॉर्करेंच:
तापलेल्या मॅनिफोल्डवर तो पेट घेतो. मारायचाच तर इंजिन थंड असताना, अगदी थोडा. शिवाय अशा छोट्या इंजिनांत बहुधा इनटेकमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. चोरटी हवा आत शिरली की त्याला दाब वाढलेला दिसतो, ईसीयू पेट्रोलही वाढवतो. मग आयडल चढतं, मिश्रण इतकं लीन होत नाही. आयडल चढलंय का? सकाळी सुरू करताना टिकटिक येते का?

मांडवीकर:
आयडल नेहमीचंच. पेट्रोलवर चालवली, पायपांना चीर नाही, ट्रिम +२२. टिकटिक येते, पाच मिनिटांत थांबते. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या भागांची, आहे म्हणाले होते.

टॉर्करेंच:
मला तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पायपांचा) गॅसकेट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, वाटतो. थंड असताना फट राहते, धातू तापून फुगला की आवाज बुजतो, पण गळती पूर्ण बंद होत नाही. धूर धक्क्याधक्क्याने जातो, मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तोच ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. आरपीएम वाढला की ही ओढ कमी होते, म्हणून तुझे +७. खाऱ्या वाऱ्यात स्टड (जोडाचे बोल्ट) आणि फ्लँज (जोडाची कड) लवकर गंजतात, किनाऱ्यावर ही जागा आधी तपासायची.
सकाळी थंड इंजिनवर हीट शील्ड (त्यावरचा उष्णता अडवणारा पत्रा) काढ. सुरू करून दुसऱ्या कुणाला सायलेन्सरच्या तोंडावर ओलं जाड फडकं काही सेकंद धरायला सांग. फसफस कुठून येते ते ऐक, काळी काजळी शोध. नव्या सेन्सरच्या आट्यांभोवतीही बघ.

घाटवाट:
आंब्यापेक्षा अणुस्कुऱ्याने जा. आणि खालून अँटीरस्ट कोटिंग मारून घ्या.

सड्यावरचा:
कोटिंग एक्झॉस्टवर मारू नका, जळून धूर होतो.

मांडवीकर:
दोन नंबरच्या सिलिंडरच्या पोर्टखाली (धूर बाहेर पडायच्या तोंडाखाली) काजळी दिसली! पण शनिवारपर्यंत झालं नाही तर दिवा लागलेला असताना घाट चढवू का?

टॉर्करेंच:
दिवा स्थिर असेल आणि धूर आत येत नसेल तर चढव, काचा उघड्या ठेव. लुकलुकायला लागला तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही; लगेच थांब, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जळेल.

कुडाळचो मिस्त्री:
स्टडांका आज रातीच गंज सोडवचा तेल मार, सकाळी परत मार. जोर केलंस तर स्टड हेडातच तुटतलो. नट नवे घाल, मधल्यापासून भायर आवळ, दोन फेऱ्यांत.

मांडवीकर:
तेल आत्ताच मारलं. गॅसकेट कोणता मागू?

टॉर्करेंच:
चेसिस नंबर दाखवून माग. जुन्याच्या मापाने कागदी गॅसकेट कापून देणारे असतात, तो घेऊ नकोस.