पाऊस लागला की भाटी (मांजरी) ट्रे सोडून गादीवर शू करते. काय करावं?

पडवीतली:
घर गुहागर तालुक्यात, कौलारू. मांजरं दोन. भाटी चार वर्षांची, बोका दोन वर्षांचा, नसबंदी दोघांचीही झालेली. एरवी दोघं परसात, माडाच्या आळ्यात जातात. मृग लागला की भाटी बाहेर पाय टाकत नाही. मागच्या पडवीत प्लास्टिकचं घमेलं आहे, त्यात किनाऱ्यावरची वाळू. ती कधी त्यात जाते, कधी माजघरातल्या कापसाच्या गादीवर, कधी गोणपाटावर. बोका घमेल्यातच जातो, पण पुढच्या दाराच्या चौकटीवर उभ्याने पिचकारी मारतो. माजघर शेणाने सारवलेलं, ओटीवर कोबा, स्वयंपाकघरात कडप्पा. फिनेलने पुसते, वास चार दिवसांत परत येतो. घरचे म्हणतात भाटी राग काढते. हा आजार की खोड? वाळू बदलू का? आणि वासाचं काय?

खाडीपलीकडे:
राग वगैरे काही नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भाटी बसून, आडव्या जागी, भरपूर करते. ती शौचाची जागा बदलतेय. बोका उभ्याने, शेपूट थरथरवत, भिंतीवर थोडंसं मारतो. ती हद्दीची खूण. दोघांवर उपाय एक नाही.

आधी भाटीची तब्येत बघा. घमेल्यात वारंवार जाऊन बसणं, दरवेळी थेंब-दोन थेंब, करताना ओरडणं, लघवीत लाली, खालची जागा सतत चाटणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टर. दहा वर्षांखालच्या मांजरांत असा त्रास बहुतेक वेळा जंतूंमुळे नसतोच, ताणाने मूत्राशयाला सूज येते. ती बऱ्याचदा आठवडाभरात आपोआप उतरते आणि पुन्हा उद्भवते. म्हणून जे औषध त्या आठवड्यात दिलं त्याचंच नाव होतं! तपासणीशिवाय अँटिबायोटिक मागू नका.

बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बोका पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय आणि लघवी येतच नाही, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, खड्याने किंवा चिकट, बुळबुळीत स्रावाने ती तुंबते. रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. लोकांना ते बद्धकोष्ठ वाटतं आणि एरंडेल पाजत बसतात. घरातली वेदनाशामक गोळी तर कुठल्याच मांजराला नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

आता पाण्याचं. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. जून-जुलैत मासेमारी बंद, ताजी मासळी नाही, मग वाटीत येतं सुकट नि सुके बोंबील. खारट, कोरडं. मांजर आपणहून तेवढं पाणी पीत नाही, लघवी घट्ट होते आणि मूत्राशयाला टोचते. सुकं घालायचंच तर भिजवून उकळा, पहिलं पाणी ओतून द्या, परत साध्या पाण्यात शिजवा आणि दोन-तीन चमचे पाण्यासकट घाला. कांदा, लसूण, मीठ काही नको. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, रुंद, घमेल्यापासून लांब.

काथ्या:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. तब्येत ठीक निघाली तर दोष घमेल्याचा समजा.

किनाऱ्यावरची वाळू बाद. त्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात ती कधी कोरडी होत नाही. गोळा बनत नाही, लघवी तळाशी उतरते, वरून स्वच्छ दिसते आणि खाली सगळं साठलेलं. भाटीचे पंजे ओल्या वाळूत जातात. तिला बाजूला कोरडी, मऊ, शोषणारी गादी दिसते. तिच्या जागी कुणीही तेच करील.

बेंटोनाइट मातीचं बारीक दाण्याचं, गोळे बनणारं, बिनवासाचं लिटर (मांजराच्या घमेल्यात घालायचे शोषक दाणे) आणा. लॅव्हेंडरवालं नको, तो वास माणसांसाठी असतो. थर ५ ते ७ सेंमी. पिशवी उघडली की लगेच झाकणाच्या पिंपात, नाहीतर इथल्या हवेत तेही दमट होतं. गोळे सकाळ-संध्याकाळ काढा. पूर्ण लिटर कोरड्या दिवसांत पंधरा दिवसांनी बदललं तरी चालतं, पावसाळ्यात आठवड्याने बदला. घमेलं गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवायचं, बस. प्लास्टिकला ओरखडे पडले की वास त्यात बसतो, तेव्हा वर्षाने घमेलंच नवीन घ्या.

तुमची भाटी परसातल्या मातीवर वाढलेली, तिला एकदम नवं लिटर कळणार नाही. कोरडी, चाळलेली लाल माती दोन मुठी वर भुरभुरा आणि रोज थोडी कमी करत जा. पुढच्या वर्षी मे महिन्यातच डबाभर माती उन्हात तापवून ठेवा.

स्वस्तात करायचं तर लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस चालतं, पण गोळा होत नाही, म्हणून रोज सगळं फेकावं लागतं. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) पूर्ण वाळवलेलं हवं. चुलीतली राख मात्र टाळा. ओली झाली की पंजांना चरचरते आणि मांजर नंतर तीच राख चाटते.

संख्या: मांजरं दोन तर घमेली तीन, आणि तिन्ही एका रांगेत नकोत. रांगेत ठेवली तर मांजराच्या हिशेबी ते एकच. मागच्या पडवीत पावसाची झड येते, पत्र्यावरून पागोळ्या पडतात, बोका वाट अडवतो. एक तरी माजघराच्या कोपऱ्यात हवं, जिथून तिला दोन्ही बाजू दिसतात. लांबी मांजराच्या दीडपट (शेपूट सोडून), झाकण नाही.

मुंग्यांकडेही बघा. घमेल्याला मुंग्या लागल्या की मांजर तिथे फिरकत नाही. परातीत पाणी घालून मधे विटा ठेवा आणि घमेलं त्या विटांवर. मुंग्यांचा खडू ओढू नका, त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं मांजराला सोसत नाहीत.

चिरेबंदी:
वासाबद्दल लिहितो. फिनेलने वास झाकला जातो, जात नाही. मांजराच्या लघवीतले वास सोडणारे घटक भेगांत वाळून बसतात. हवेत ओल आली की वास परत सुटतो. एप्रिलमध्ये गेलेला वास जुलैत येतो तो असा. शिवाय काळ्या फिनेलमधली फिनॉलं मांजराला विषारी, पाण्यात पांढरं होणारं जंतुनाशकही तसंच. अमोनियावालं काही वापरलं तर मांजराला ती लघवीच वाटते आणि ती परत तिथेच. ब्लीच तर लघवीवर कधीच नाही, घातक वायू निघतो. गादीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर काढा.

लागतं ते एन्झाइमचं (वासाचे घटक तोडणारं) क्लीनर, ऑनलाइन मिळतं. नसेल तर पाकिटावर एन्झाइम लिहिलेली धुण्याची पावडर, १०० ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतं. आधी फडक्याने टिपून घ्या, घासू नका. मग जेवढी लघवी मुरली असेल त्याहून जास्त द्रावण ओता, कारण वरवर फवारलं तर आतलं तसंच राहतं. वर प्लास्टिक झाकून रात्रभर ओलं ठेवा, सकाळी साध्या पाण्याने दोनदा. आधी फिनेल पडलेलं असेल तर ते पाण्याने नीट काढून मगच हे. फिनेल एन्झाइमला मारतं.

जागा सापडत नसेल तर अंधारात यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मारा, डाग पिवळट-हिरवट चमकतात. साबणाचेही चमकतात, नाक लावून खात्री करा.

कडप्प्यावर व्हिनेगर किंवा लिंबू नको. तो चुनखडीचा दगड, आम्लाने झिजून पांढरा पडतो. कोब्यालाही नको, आम्लाने तोही झिजतो. शिवाय कोबा सच्छिद्र. द्रावण दोनदा द्यावं लागेल. सारवलेली जमीन सर्वांत कठीण. वरून नवीन सारवण घालून उपयोग नाही, खालची माती भिजलेली असते. दोन-तीन इंच माती खणून टाका, नवी भरा, चोपा, मग सारवा. पावसात हे होत नाही, जमीन वाळतच नाही. तोवर त्या जागेवर जाड प्लास्टिक अंथरून त्यावरच घमेलं ठेवा. मांजराने जागा निवडलीच आहे, तर तिथेच सोय करा. महिनाभर नीट गेली की रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या.

कापसाच्या गादीचं खरं सांगायचं तर आतपर्यंत मुरलं असेल तर कापूस टाकून द्या. द्रावणाने भिजवलेला कापूस जुलैत वाळणार नाही, बुरशी धरेल. नवीन गादीला रेग्झिनचं आवरण, दिवसा गुंडाळून कपाटावर. गोणपाटं उंच फळीवर.

पडवीतली:
खूप आभार. भाटीला डॉक्टरांकडे नेते. लघवीचा नमुना घरून नेता येतो का? आणि बोक्याचं राहिलं.

खाडीपलीकडे:
येतो. धुतलेल्या रिकाम्या घमेल्यात मत्स्यटाकीचे प्लास्टिकचे किंवा काचेचे स्वच्छ खडे घाला, ते शोषत नाहीत. लघवी बिनसुईच्या सिरिंजने ओढून स्वच्छ कोरड्या बाटलीत, ५ मिली पुरे. तासा-दोन तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना तसं सांगा, कारण थंडीत लघवीत नव्याने स्फटिक बनतात आणि रिपोर्ट फसवतो. जंतूंची कल्चर तपासणी घरच्या नमुन्यावर भरवशाची नाही, त्यासाठी डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात. तालुक्याच्या दवाखान्यात जाण्याआधी मांजराची सोनोग्राफी होते का ते फोनवर विचारा, बऱ्याच ठिकाणी काम मुख्यतः गुरांचं असतं. खडा निघाला तर कुठला ते महत्त्वाचं: स्ट्रुव्हाइट विशिष्ट आहाराने विरघळतो, कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही, काढावाच लागतो.

काथ्या:
बोका: नसबंदीनंतर बहुतेकांची पिचकारी थांबते, साधारण दहांतला एक चालू ठेवतो. पुढच्या दाराच्या चौकटीवर म्हणजे बाहेरचा कुणी बोका ओटीवर येतोय. पावसात कोरडी जागा शोधत तेही आत सरकतात. रात्री ओटीवर उरलेलं अन्न ठेवू नका, दाराखालची फट बंद करा, खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद लावा म्हणजे तो दिसणार नाही. चौकट एन्झाइमने धुवा, बाहेरच्या बाजूनेसुद्धा. बहुतेक लोक फक्त आतून धुतात. मग चौकटीपाशी बोक्याची खाण्याची वाटी ठेवा, जेवायच्या जागी मांजर सहसा मारत नाही. चौकटीजवळ काथ्याचा दोर गुंडाळलेला उभा वासा रोवा, त्याच्या उंचीहून थोडा जास्त. खूण करायचीच असेल तर तो नखांनी करील.

आणि पकडून नाक घासणं, चापट मारणं घरात कुणी करत असेल तर बंद करा. मांजर त्यातून एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. मग कपाटामागे करतं, आणि ती जागा तुम्हाला गणपतीची साफसफाई काढल्यावर सापडते.