परदेशी सेवेला गेलेल्यांनो, तिथं काय काय चुकलं ते लिहा

पाळकबाई, खडकी

सगळ्यांना सलाम. आमच्या तरुण संघातली सात पोरं आणि एक जोडपं ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांसाठी केनियाला निघालंय, मोम्बासापासून आत एका गावात, शाळेला रंग द्यायचा, मुलांचे वर्ग घ्यायचे, तिथल्या चर्चच्या मंडळीबरोबर राहायचं. सातही जण पहिल्यांदाच देशाबाहेर चाललेत, एकाने तर विमान अजून आतून बघितलेलं नाही. मागच्या रविवारी भक्तीनंतर तयारीची मीटिंग झाली, मोठ्यांनी उठून उठून साक्षी दिल्या, अमुक ठिकाणी इतके बरे झाले, तमुक ठिकाणी इतक्यांनी प्रार्थनेला हात वर केले, आणि मग शेवटच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, बाई, पण तिथं पोट बिघडलं तर? मला इंग्लिश धड बोलता आलं नाही तर? सगळे गप्प, कारण हे कुणी कधी सांगतच नाही. म्हणून हा धागा. इथं चुकलेलं, विसरलेलं, सांडलेलं लिहा, आणि तेव्हा तुम्हाला कुणी कसं सावरलं तेही लिहा. प्रिंट काढून पोरांच्या हातात देणार आहे.

सुरुवात माझ्यापासून. मी त्याच भागात गेले होते, किलिफीकडे. जाताना विमानात तिथल्या स्वाहिली भाषेतले आकडे पाठ केले, मोजा म्हणजे एक, म्बिली दोन, ताटू तीन. जिच्या घरी उतरलो त्या मामा (तिकडे मामा म्हणजे आई) म्हणाल्या, उद्या बायकांची प्रार्थना सभा, सा म्बिली. मला समजलं, मी खूश, म्हटलं दोन वाजता. सकाळी निवांत कपडे धुतले, फ्लॅनेलग्राफची, म्हणजे कापडी फळ्यावर चिकटवायची, चित्रं लावून ठेवली आणि दुपारी दोनला पिशवी घेऊन प्रार्थनेच्या जागी हजर. तिथं बाकं रिकामी आणि दोन कोंबड्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, त्यामुळे सा म्बिली म्हणजे सकाळचे आठ! बायका कुठून कुठून पायी आल्या होत्या, अकरापर्यंत बसून परत गेल्या. मामा पहाटेच शेतावरून परस्पर तिकडे गेलेल्या, त्यांना वाटलं मी आजारीच पडले. मला तिथंच रडू फुटलं. मामांनी आधी झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं, उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकीची पालेभाजी, मग काडीने मातीत घड्याळ काढून एकेक तास समजावला, आणि म्हणाल्या, तू आजारी आहेस समजून आम्ही तीन तास तुझ्यासाठीच प्रार्थना केली, ती काय वाया जाते का? संध्याकाळी त्यांनी पोरांना घरोघर पिटाळलं आणि त्यातल्या निम्म्या बायका कंदील घेऊन परत आल्या. सकाळी पायपीट करून गेलेल्या बायका परत आल्या! अजून ते कंदील डोळ्यांसमोर येतात.

वानवडीहून

बाई, तुमच्या पोरांना हे आधी सांगा, स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. आम्ही नवराबायको गेलो होतो, पहिल्याच रविवारी तिथल्या पाळकांनी हिला पुढे बोलवलं, "दादा फ्रॉम इंडिया", आणि मी उठून उभा राहिलो, आख्ख्या मंडळीसमोर. नंतर दोन आठवडे लहान मुलं मला काका आणि हिला दादा म्हणत होती आणि हिला ते इतकं आवडलं की घरी अजून कधी कधी मी तिला दादा म्हणतो.

घोरपडी, बांधकामवाला

मी गवंडीकाम करतो. नेपाळला गेलो होतो २०१६ ला, भूकंपानंतर, सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, पाच जण, तिथल्या मंडळीनेच बोलावलं होतं भिंती उभ्या करायला. एक गोष्ट आधी बोलतो, नेपाळच्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, त्यामुळे कामाला जाताय तर काम करा, पत्रकं वाटत फिरू नका, आपण चार दिवसांनी परत येतो आणि त्रास तिथल्या लोकांना होतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता चुकलं काय ते. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. पंधरा मिनिटं फक्त, म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या फोनला तिथलं सिम नव्हतं, भारताचीच वेळ दिसत राहिली, काठमांडूला बसस्टँडवर आम्ही अगदी वेळेत पोचलो म्हणून चहा प्यायला बसलो आणि बस कधीच गेलेली. थापी, ओळंबा, लेव्हल पट्टी सगळं गोणीत घेऊन उभे. मग जीप मिळाली ती दुपारनंतर, रस्ता दरड पडून अर्धा गेलेला, पोचायला रात्र झाली, आणि वळणावर बघतो तर टॉर्च. सात-आठ जण संध्याकाळपासून रस्त्यात बसून होते, थंडीत. आमच्यातला एकजण माफी मागायला लागला तर त्यांनी त्याच्या खांद्यावरची गोणीच काढून घेतली.

दुसरी चूक शनिवारची. नेपाळला सुट्टी शनिवारी असते, मंडळ्यांची भक्तीही शनिवारीच. आम्ही आपले शनिवारी सकाळी उठून दगड वाहायला गेलो, एक माणूस नाही साइटवर, म्हटलं लोकांना कामाची पडलेली नाही का, असं मी बोललो पण, तोंडातून गेलं माझ्या. आणि खाली पत्र्याच्या शेडमधून गाण्याचा आवाज आला. जाऊन मागे बसलो. भक्तीनंतर एक म्हाताऱ्या आजी, तिथं बज्यै म्हणतात, त्या शेजारी आल्या, मोडक्या हिंदीत सांगितलं की भूकंप झाला तो दिवस शनिवारच होता, २५ एप्रिल २०१५, दुपारचे बारा वाजत आलेले, लोक भक्तीतच बसले होते, त्यांची जाऊ आत राहिली. मी काय बोलणार. ज्या वारावरून मी सकाळी तोंड सोडलं तोच वार.

त्यांनी माझे हात बघितले. आठवडाभर दगड उचलून तळव्याला फोड आलेले, एक फुटलेला. घरात गेल्या, वाटीत मोहरीचं तेल कोमट करून त्यात हळद घालून आणली, माझा तळवा मांडीवर घेऊन कापडाच्या टोकाने लावलं आणि विचारलं, दुख्यो? मला एकदम आई आठवली. भाषा शिकलो नव्हतो पण तो शब्द कुणाला सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज कामावर येताना त्या वाटी घेऊन यायच्या.

आणि हो, तिथं मासु म्हणजे मटण-मांस, मासे नाही. मासे म्हणजे माछा. हॉटेलात मी मासु मागितला आणि म्हशीचं आलं. खाल्लं, चांगलं होतं.

एक आई, विश्रांतवाडी

माझी लेक नैरोबीजवळ लिमुरूला गेली होती जुलैमध्ये. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून मी सगळे सुती कपडे भरले, आणि लाडू, चकल्या, चिवडा दुकानातल्या कॅरीबॅगांमध्ये बांधून दिला. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, हे कुणाला माहीत. विमानतळावर सगळ्या पिशव्या काढून घेतल्या, खाऊ मात्र दिला परत, पोरीने लाडू ओढणीत बांधले आणि चिवडा टोपीत ओतून नेला. लिमुरू उंचावर, चहाचे मळे, जुलै म्हणजे तिथला थंडीचा महिना, ती रात्रभर कुडकुडत होती. तिकडच्या मंडळीतल्या एक बाई पहाटे आल्या आणि आपल्या अंगावरचा लेसो, म्हणजे तिकडच्या बायका कमरेला बांधतात ते कापड, तिच्याभोवती गुंडाळून गेल्या. परत मागितला नाही. तो आता माझ्या दिवाणावर असतो.

माझं स्वतःचं म्हणाल तर आईने काय करायचं हे कुणी शिकवत नाही. तिकडे आपल्यापेक्षा घड्याळ अडीच तास मागे, तिचा मेसेज यायचा आपल्या रात्री बाराला, मी जागीच. एकदा दोन दिवस मेसेज नाही, नेटवर्क गेलेलं. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून प्रार्थना करायचे आणि शब्द सुचायचे नाहीत, नुसतं तिचं नाव घ्यायचे. आमच्या महिला मंडळातल्या दोघी रात्री साडेदहाला स्कूटरवरून आल्या, काही बोलल्या नाहीत, भांडी घासून गेल्या. ज्यांची पोरं जाणार आहेत त्यांच्या घरी असं कुणीतरी जा, एवढं माझं मागणं आहे.

निवृत्त शिक्षिका, वडगाव शेरी

थायलंडला चिआंग राय भागातल्या वसतिगृहात मी महिनाभर शिकवायला होते. आपल्याकडे प्रार्थनेत डोक्यावर हात ठेवतो, आशीर्वाद म्हणून, त्यात काही वावगं वाटत नाही. तिथं मी स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका बाईंच्या डोक्यावर न विचारता हात ठेवला आणि खोलीतला आवाजच बंद झाला. थाई लोकांत डोकं हा शरीराचा सगळ्यात पवित्र भाग, परक्याने हात लावायचा नसतो. मला रात्री दुभाषी मुलीने सांगितलं. पस्तीस वर्षं वर्गात मुलांना, आधी विचारा मग करा, असं सांगत आले आणि स्वतः विचारलं नाही, मला झोप लागेना. सकाळी स्वयंपाकघरात जाऊन हात जोडून माफी मागितली. त्या भात निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, माझा हात धरला आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि डोळे मिटले, म्हणजे आता कर प्रार्थना. मी मराठीतच केली.

पोरांनो, विचारून करा. कुठल्याही देशात.

नाव नको

डॉक्टरांनी मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सी (डॉक्सिसायक्लिनची गोळी) दिली असेल तर जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. मी रिकाम्या पोटी घेऊन झोपलो, छातीत अशी आग की वाटलं हार्टचंच काही. ऊनही फार लागतं त्या गोळीने, टोपी हवीच. परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, बरेच जण मुंबईला उतरले की सोडून देतात. आणि पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्या, कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, केनियाहून येताना कार्ड नसेल तर सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.

शेवटच्या बाकावरची

मीच ती मुलगी. सगळं वाचलं, दोनदा. बाईंना घड्याळाचं कळलं नाही हे वाचून मला खूप बरं वाटलं. पण इंग्लिशचं अजून कुणी सांगितलं नाही.

कॅम्प, पेन्शनर

बाळ, मी सांगतो. माझं इंग्लिश आजही कच्चंच आहे. मोम्बासाला असताना पावसात चिखलात घसरून पडलो, रंगाचा डबा अंगावर. आजूबाजूचे दहा लोक धावत आले आणि सगळे एकच म्हणत होते, पोले, पोले साना. मला वाटलं काही विचारतायत. पोले म्हणजे, तुझ्यावर आलं याचं मला वाईट वाटतं. चूक कुणाचीही असो, अनोळखी असला तरी म्हणतात. तू हा एक शब्द शिकून जा, दुसऱ्याचं काही सांडलं, पडलं, दुखलं की म्हण, तुला बोलता येत नाही असं कुणी म्हणणार नाही.

आणि तिथं आपण अगदीच परके नाही. मोम्बासाच्या उत्तरेला फ्रीअरटाउन आहे, तिथं एक जुनी घंटा आहे, ती जरूर बघा. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इंग्रज आरमार मुंबईला आणायचं, त्यातली बरीच नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली. पुढे १८७५ च्या सुमारास फ्रीअरटाउन वसलं तेव्हा त्यांच्यातले कित्येक तिकडे परत गेले, शिक्षक झाले, सुवार्तिक झाले, लोक त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणत. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन, त्यांचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. मी त्या घंटेखाली उभा होतो, शर्टावर तोच वाळलेला पिवळा रंग, आणि मनात आलं की नाशिकचं पाणी प्यालेली माणसं आपल्या दीडशे वर्षं आधी इथं हेच करत होती, फळा पुसत होती, पोरांना ओळीत बसवत होती. त्यांच्याही हातून सांडलं असेल.

शेवटच्या बाकावरची

पोले साना. लिहून घेतलं काका.

एक आई, विश्रांतवाडी

पाळकबाई, नऊ जण ना? जुन्या कॉटन साडीच्या नऊ पिशव्या शिवून ठेवल्यात, नाडीच्या, प्रत्येकीत किलोभर लाडू बसतात. दोन गरम शालीही ठेवल्यात, कुणी नैरोबीला थांबणार असेल तर. रविवारी भक्तीला घेऊन येऊ का?