क्लीनरूममधलं ऑटोमॅटिक कपाट: ट्रे हलला की हवेतल्या कणांचा काउंट वाढतोय, काय करू?

भोसरीचा_फिटर
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. आजवर गोडाऊनसाठी ट्रे वरखाली करणारी लिफ्ट-कपाटं बनवली, क्लीनरूमचं (हवा गाळून जवळपास धूळमुक्त ठेवलेल्या खोलीचं) काम पहिल्यांदाच घेतलं. कस्टमर कॅथेटर बनवतो. खोली आयएसओ क्लास ७ (हवेत किती कण चालतील त्याची पातळी). कपाट साडेपाच मीटर उंच, ट्रे २.४ बाय ०.८ मीटर, वेग सेकंदाला ०.८ मीटर. एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) पत्रा, चेन काढून पॉलियुरेथेनचा बेल्ट, ग्रीससुद्धा क्लीनरूमचं (त्या एका डबीच्या भावात आमच्याकडे बादली येते).

मशीन बंद असताना काउंट झकास. ट्रे चालवला की माल काढायच्या खिडकीसमोर ०.५ मायक्रॉनचे कण घनमीटरला सहा लाखांच्या घरात. मर्यादा ३,५२,०००. क्यूए (गुणवत्ता तपासणाऱ्या) मॅडम म्हणाल्या, "तुमचं मशीन शिंकतंय." कस्टमर म्हणतो सगळा पत्रा ३१६ (त्याहून भारी स्टेनलेस) करा. खर्च ऐकून पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पत्रा बदलून फरक पडेल का?

कण_मोजणारा
पत्र्याला हात लावू नका. ३१६ गंजाला आणि जंतुनाशकाला जास्त टिकतो, धूळ कमी करत नाही.

मॅडमचा शब्द अगदी बरोबर आहे, मशीन शिंकतंयच. हिशोब करा: तुमचा ट्रे जवळपास १.९ चौरस मीटरचा, वेग ०.८. म्हणजे सेकंदाला दीड घनमीटर हवा तो पुढे ढकलतो. तुम्ही चारी बाजूंनी पत्रा मारून बंद केलंय. कडेच्या फटींतून काही हवा ट्रेच्या मागे जाईल, उरलेली जाणार कुठे? खिडकीतून ऑपरेटरच्या तोंडावर, आतला कचरा घेऊन.

तळाशी पंखा बसवा, कपाटाच्या आत खोलीपेक्षा कमी दाब राहिला पाहिजे. ओढलेली हवा हेपातून (अगदी बारीक कण पकडणाऱ्या फिल्टरमधून) गाळून खोलीतच सोडा. वेग निम्मा करा, सुरुवात आणि थांबा मऊ ठेवा.

आणि "मशीन बंद असताना" हे आकडे कुणाला दाखवू नका. आयएसओ १४६४४ मधलं 'अ‍ॅट रेस्ट' म्हणजे खोलीत माणसं नाहीत, पण मशिनं ठरल्याप्रमाणे चालू आहेत. पुढच्या कोटेशनआधी याच मालिकेचा भाग १४ वाचा, उपकरण क्लीनरूमला चालेल का हे कसं तपासायचं ते त्यात आहे.

ड्रेस्डेनवाली
मी ३०० मिमी वेफरच्या (चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्यांच्या) फॅबमध्ये, म्हणजे कारखान्यात आहे. आमच्या स्टॉकरला (वेफर ठेवायच्या ऑटोमॅटिक कपाटाला) वरून स्वतःचे फिल्टर-पंखे असतात, हवा सरळ खाली आणि जाळीच्या फरशीतून बाहेर. शिवाय वेफर उघडे नसतातच, २५-२५ च्या बंद डब्यांत असतात. दादा, तुमचे कॅथेटर झाकणाच्या डब्यात ठेवता येतात का, हे आधी विचारा. आणि घासणारी प्रत्येक वस्तू मालाच्या खाली हवी. केबल चेन (हलत्या केबली धरणारी साखळी) कुठे आहे तुमची?

भोसरीचा_फिटर
ताई, केबल चेन बरोब्बर खिडकीच्या वर! आज पांढरं वाईप (पुसायचं फडकं) आयपीएत (अल्कोहोलमध्ये) भिजवून तिच्याखाली फिरवलं, काजळासारखी काळी रेघ उठली. साध्या पीव्हीसी केबली एकमेकींवर घासत होत्या. त्या बदलतोय, चेन मागच्या बाजूला खाली नेतोय. डबे झाकणाचे करायला कस्टमर तयार नाही, ऑपरेटरचा वेळ जातो म्हणे.

हवा बघायला अगरबत्ती घेऊन निघालो होतो. मॅडमनी एअरलॉकमध्येच जप्त केली. पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र भाड्याने आणलं. ट्रे खाली येताना खिडकीतून भसकन लोट आला, डोळ्यांनी पाहिला.

भोसरीचा_फिटर
तीन आठवड्यांनी सांगतोय. पंखा बसवला, वेग ०.४ केला, केबली बदलल्या. खिडकीसमोर काउंट दोन लाख दहा हजार. पार्टनर बोलायला लागला. पण नवीन भानगड: खोलीचा दाब १५ पास्कलवरून ९ वर आला, दारावरचा अलार्म सारखा वाजतो. एचव्हीएसीवाला (खोलीची हवा सांभाळणारा) म्हणतो, माझा संबंध नाही.

कण_मोजणारा
पंख्याची हवा कुठे सोडलीत?

भोसरीचा_फिटर
डक्ट काढून बाहेर, छतावर. हेपाचे पैसे वाचले.

कण_मोजणारा
खोलीची हवा बाहेर फेकताय, म्हणून दाब पडतोय. वाचलेले पैसे आता हेपावर घाला. डक्ट बंद करा, हवा गाळून परत खोलीत. मी वर लिहिलं होतं साहेब.