सुपर फॅमिकॉम बंद पडलाय, मदत हवी आहे

मंडळी, जपानी सुपर फॅमिकॉम (निन्टेंडोचा जुना व्हिडिओ गेम कन्सोल) आहे माझ्याकडे, १९९० च्या दशकातला, अगदी टकाटक चालत होता. भाच्याने परवा त्याला वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावला, पिन बसते ना, मग काय! ह्याला १० व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या आत मायनस, बाहेर प्लस, राउटरचं नेमकं उलटं. आता मूळ अ‍ॅडाप्टर लावला तरी लाल दिवासुद्धा लागत नाही.

त्याच्या स्क्रूला लागणारा ४.५ एमएमचा तो खास स्क्रूड्रायव्हर बिट मागवून खोललाय. जळका वास नाही, बोर्ड काळा नाही, पण एफ१ लिहिलेल्या चिमुकल्या फ्यूजवर मल्टिमीटर बीप देत नाही, म्हणजे तो गेलाच.

तर नुसता फ्यूज बदलून भागेल का ७८०५ रेग्युलेटर (आतल्या सर्किटला ५ व्होल्ट देणारा पार्ट) पण उडाला असेल, आणि तो बोर्डवरून न काढता कसा तपासायचा? १.५ अँपिअरचा पिको फ्यूज पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल का मुंबईचा लॅमिंग्टन रोडच गाठावा लागेल? दुकानदार म्हणतो फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा टाका डायरेक्ट, ते काय मला पटत नाहीये. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, सोल्डरिंग येतं मला बऱ्यापैकी.