एव्हरेस्ट पिच्चर पाह्यला, पण तो लोकांना शिखरावर नेणारा गाइड रॉब हॉल दोन वाजता वापस काऊन नाही फिरला?

कूलरसमोरचा_धरमपेठ:
२०१५ चा एव्हरेस्ट पाह्यला काल. बाहेर ४४ डिग्री, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून मारून हात दुखले अन् मी इकडं बर्फात लोकं मरताना पाहून राहिलो. मला एकच समजलं नाही. हॉल स्वतःच सगळ्यांना सांगते का दोन वाजले का जिथं असाल तिथून वापस, अन् मग चार वाजता त्याच्या टीममधल्या त्या डग हॅन्सनला शिखरावर नेते. एवढा अनुभवी माणूस असं करते का बे? बायको म्हणते पिच्चरवाल्यांनी मसाला टाकला.

बेसिक_कोर्सवाला:
मसाला नाही भाऊ, तेवढं खरं आहे. १० मे १९९६. हॅन्सन पोस्टात नोकरीला होता, १९९५ मध्ये शिखर अगदी जवळ दिसत असताना हॉलनीच त्याला उशीर झाला म्हणून वापस फिरवलं होतं, अन् पुढच्या वर्षी हॉलनीच पुन्हा बोलावलं. आता त्याच माणसाला दुसऱ्यांदा नाही कसं म्हणाचं सांग? त्यात हिलरी स्टेपवर, म्हणजे शिखराच्या थोडं खालच्या उभ्या कड्यावर, दोर आधी लावलेलेच नव्हते, तिथं लाईन लागली अन् सगळ्यांचाच टाइम गेला. अन् वर हवा आपल्या इथल्या एक तृतीयांश, डोकं चालत नाही. मी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स केला तेव्हा साडेचार हजार मीटरच्या आसपास बुटाची लेस बांधता बांधता विसरलो होतो का डावा बांधून राहिलो का उजवा. ते तर ८८४८.

रामटेककर:
घरी बसून दोन वाजता वापस फिरणं लय सोपं आहे 😀 आपण अंबाळ्याच्या पायऱ्यांवरून पण फिरत नाही, थोडंच राहिलं म्हणतो.

वैदर्भी_ट्रेकर:
मला पिच्चरचा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या दिवशी एव्हरेस्टवर आलेल्या वादळात आठ जण गेले, त्यातले तीन आपले, आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस): त्सेवांग समानला, दोर्जे मोरुप आणि त्सेवांग पालजोर. ते तिबेटकडून, उत्तरेच्या बाजूनी चढत होते, सहा जण निघाले, तिघं वादळ बघून परत फिरले आणि हे तिघं पुढे गेले. म्हणजे दादा, तुमचा प्रश्न तिकडेही तसाच आहे. पुढे कितीतरी वर्षं हिरव्या बुटांचा जो मृतदेह चढणाऱ्यांना वाटेत दिसायचा तो पालजोरचाच असं बहुतेक जण मानतात. पिच्चरमध्ये ती बाजूच दाखवली नाही.

कूलरसमोरचा_धरमपेठ:
हे तर माहीतच नव्हतं ताई. बायकोला वाचून दाखवलं, आता तिचा दुसरा प्रश्न. १९९६ मध्ये वर अडकलेल्या हॉलचा तिथून न्यूझीलंडला बायकोशी फोन कसा लागला? आमच्या जिन्यात आज पण रेंज येत नाही.

बेसिक_कोर्सवाला:
त्याच्याजवळ फोन नव्हता, वॉकीटॉकी होता फक्त. बेस कॅम्पला सॅटेलाइट फोन होता, तो त्यांनी रेडिओला जोडून दिला. पोरीचं नाव सारा ठेवाचं हे त्या बोलण्यातच ठरलं, ती पोटात होती तेव्हा. अन् वहिनींना सांग, त्याची बायको स्वतः डॉक्टर, १९९३ मध्ये त्याच्यासोबत एव्हरेस्ट चढून आलेली. तो कुठं अडकला आहे हे तिला कोणी समजवून सांगायची गरजच नव्हती.