मदत हवी आहे: जुन्या सीसीएफएल मॉनिटरचं कॅलिब्रेशन

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २४ इंची, आयपीएस पॅनेलचा, वाइड गॅमट (नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) मॉनिटर आहे. एलईडीच्या आधीच्या काळातला, म्हणजे बॅकलाइट सीसीएफएल नळ्यांचा (बारीक फ्लुरोसंट नळ्या). वयानुसार पांढरा रंग पिवळसर झालाय, पण पॅनेल अजून उत्तम आहे आणि तो टाकून द्यायची माझी अजिबात इच्छा नाही.

कासच्या पठारावरचे फोटो प्रिंट करायचे आहेत. तेरडा ठीक येतो, पण 'सीतेची आसवं' या फुलांचा निळा-जांभळा प्रिंटमध्ये वेगळाच दिसतो, शिवाय प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येते. ब्राइटनेस जास्त असावा असा अंदाज आहे, पण डोळ्यांनी ठरवण्यात अर्थ नाही, मोजायलाच हवं.

मित्राकडून आयवन डिस्प्ले प्रो (स्क्रीनचे रंग मोजायचं उपकरण) मिळतोय. डिस्प्लेकॅल हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर वापरून पांढरा ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ आणि ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवायचा विचार आहे. नळ्या स्थिरावायला अर्धा तास मॉनिटर आधी चालू ठेवणारच.

अडतंय ते इथे: डिस्प्लेकॅलमध्ये करेक्शन (बॅकलाइटच्या प्रकारानुसार उपकरणाच्या मोजमापात करायची दुरुस्ती) निवडताना 'वाइड गॅमट सीसीएफएल' घ्यायचं ना? साधं एलईडीचं घेतलं तर पांढऱ्यात किती फरक पडतो? आणि मुख्य म्हणजे, पिवळेपणा आधी मॉनिटरच्या मेनूतल्या आरजीबीने काढावा की सगळं ग्राफिक्स कार्डावर सोडावं? मला वाटतं मेनूतून काढलेला बरा, नाहीतर ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसतील. पण नळ्यांमधला निळा उजेडच कमी झाला असेल, तर लाल-हिरवा कमी करून पुरेसा उजेड उरतो का?

असा जुना मॉनिटर कुणी प्रिंटसाठी वापरत असेल तर तुमची सेटिंग्ज जरूर सांगा.