दंडाची मागची बाजू लोंबते, घट्ट कशी करायची?

प्राजक्त_०७
हात वर केला की दंडाचा मागचा भाग लोंबतो. १ किलोच्या डंबेलने रोज १०० बायसेप कर्ल करते, पण काडीचा फरक नाही. जिमला जाणं शक्य नाही, घरी डंबेल आणि मॅट आहे. नेमकं काय करावं? जड वजन घेतलं तर दंड पुरुषी दिसतील का? आणि खाण्यात काय बदलू?

दोरीउडी
कर्लने दंडाची पुढची बाजू कामाला लागते, लोंबते ती मागची. तिथे ट्रायसेप्स असतो. दंडाच्या स्नायूंत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. शिवाय जे वजन १०० वेळा उचलता येतं, त्याने स्नायूला वाढायची गरजच पडत नाही. १० ते १५ वेळा केल्यावर 'आता फार तर अजून दोन' असं वाटेल इतकं वजन घ्या. नवशिक्यांना बहुधा २ ते ४ किलो पुरतं.

आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, हे करा.

ओव्हरहेड एक्स्टेन्शन: एकच डंबेल दोन्ही हातांनी डोक्यावर धरा. कोपरं कानांजवळ ठेवून ते मानेमागे तीन सेकंद मोजत खाली आणा, मग हात सरळ करा. ट्रायसेप्सचा लांब भाग खांद्याच्या पात्यापासून निघतो, म्हणून हात वर असतानाच तो नीट ताणला जातो. एकाच व्यायामाला वेळ असेल तर हाच करा. तीन सेट, म्हणजे १० ते १५ वेळांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक ते दीड मिनिट विश्रांती.

नंतर पुशअप. तळवे खांद्यांइतक्याच अंतरावर, कोपरं बरगड्यांना धरून. आधी भिंतीवर, मग भक्कम टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. शेवटी वाकून एका हाताने डंबेल कमरेपर्यंत ओढायचं, म्हणजे पाठही तयार होते.

तिन्ही सेटमध्ये १५ सहज व्हायला लागले की अर्धा-एक किलो वाढवा. न वाढवता तेच वजन महिनोन् महिने फिरवत राहिलात तर पुन्हा जिथल्या तिथेच.

पुरुषी दिसण्याचं म्हणाल तर बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन फारच कमी असतं. एवढ्याशा वजनाने दंड फुगत नाहीत.

सावकाश_चालू
वरच्यात एक भर. खुर्चीवर हात टेकवून मागे उतरायचे डिप्स सगळीकडे सुचवतात, ते नवशिक्यांनी टाळावेत. खूप खाली उतरलं की खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो आणि दुखणं तिथेच सुरू होतं. किकबॅक (वाकून डंबेलचा हात कोपरातून मागे सरळ करायचा) करत असाल तर दंड जमिनीला समांतर हवा. कोपर खाली पडलं की नुसता झोका होतो. ओव्हरहेडमध्ये कोपर दुखत असेल तर वजन कमी करा किंवा पाठीवर झोपून तोच व्यायाम करा.

प्राजक्त_०७
म्हणजे व्यायामाने तिथली चरबी जाईल?

वाटीभर
नाही. ज्या स्नायूचा व्यायाम कराल त्याच्यावरचीच चरबी वितळत नाही. ती सगळ्या अंगावरून उतरते, आधी कुठून ते शरीर ठरवतं. व्यायामाने आत स्नायू भरतो, आहाराने वरचा थर पातळ होतो. दोन्ही मिळून दंड घट्ट दिसतो.

वजन जास्त असेल तर रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी खा. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरलं की पुरे. उपाशी राहून भराभर उतरवलं तर स्नायूही जातो आणि दंड आणखी सैल दिसतो. वजन आधीच बेताचं असेल तर कॅलरी कापूच नका, फक्त व्यायाम आणि प्रथिनं.

प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम. ६० किलोला ७२ ते ९६ ग्रॅम, तीन-चार जेवणांत विभागून. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतात, तेव्हा 'मी रोज एक अंडं खाते' एवढ्याने भागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सावकाश_चालू
आणि चिमटीत धरून बघा. जाडसर लागलं तर चरबी. पातळ, सुरकुतलेलं कातडं हातात आलं तर ती सैल त्वचा. वजन खूप उतरल्यावर किंवा वयाने ती तशी होते. आत स्नायू भरल्याने थोडी झाकली जाते, पण आवळत नाही, क्रीमनेही नाही. एकच हात सुजला असेल, किंवा दोन्ही दंड दाबल्यावर दुखत असतील आणि सहज काळेनिळे पडत असतील, तर डंबेल ठेवा आणि आधी तपासून घ्या. तसं काही नसेल तर महिन्यातून एकदा दंडाचा घेर टेपने मोजा, दर वेळी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. आठ ते बारा आठवड्यांआधी आरशात फारसं काही दिसणार नाही.